‘घोस्टबस्टर्स २’ आणि ‘न्यू घोस्टबस्टर्स २’: एका शब्दाने घातलेला घोळ

भुते पकडणाऱ्या मंडळींवरच्या ‘घोस्टबस्टर्स’ या हॉलिवूड चित्रमालिकेतला दुसरा चित्रपट 1989 साली आला आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे 1990 साली, निन्टेंडोच्या घरगुती कन्सोलसाठी त्याच्यावर एक नव्हे तर दोन स्वतंत्र गेम निघाले. एकाचे नाव ‘घोस्टबस्टर्स २’, दुसऱ्याचे ‘न्यू घोस्टबस्टर्स २’. तेव्हापासून ‘न्यू’ म्हणजे पहिल्याचीच सुधारून काढलेली आवृत्ती, असा समज इतक्या ठामपणे सांगितला जातो, की जुन्या गेमच्या चर्चेत एकाच्या वर्णनाखाली दुसऱ्याचे चित्र दिसले तरी आता नवल वाटत नाही. वास्तविक या दोघांत चित्रपट सामाईक आहे, बाकी काहीही नाही.

पहिला बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून त्याच्यावर फार शब्द खर्च करत नाही. तो इमॅजिनिअरिंग या कंपनीने घडवला आणि ॲक्टिव्हिजनने विकला. बाजूने दिसणाऱ्या पडद्यावर एकट्या घोस्टबस्टरला पुढे न्यायचे, मध्येच चित्रपटातली त्यांची प्रसिद्ध गाडी हाकायची, एका टप्प्यावर थेट स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा चालवायचा. चित्रपटातले प्रसंग यात आहेत, पण खेळण्याची रीत त्या काळच्या कुठल्याही धावत्या गेमची आहे आणि नायकाच्या जागी दुसरे कोणी उभे केले असते तरी फारसे बिघडले नसते.

‘न्यू घोस्टबस्टर्स २’ जपानच्या हॅल लॅबोरेटरीने बनवला. पुढे 1992 साली ज्यांनी ‘कर्बी’ हा गेमचा प्रसिद्ध नायक जन्माला घातला, तीच ही मंडळी. इथे पडदा वरून दिसतो आणि गेम सुरू होण्यापूर्वीच पीटर, रे, इगॉन, विन्स्टन आणि लुईस टली या चित्रपटातल्या पाचांतून दोघांची निवड करावी लागते. एक पुढे चालतो, दुसरा मागून येतो. पुढच्याच्या हातात किरण असतो आणि मागच्याकडे सापळा. एका बटणाने किरण सोडून भूत जागीच खिळवून ठेवायचे, आणि ते सुटण्याच्या आत दुसऱ्या बटणाने सोबत्याकडून सापळा टाकून घ्यायचा. नुसत्या किरणाने भूत मरत नाही, अडकून पडते. नुसता सापळा टाकून हाती काही लागत नाही. दोन्ही बटणे आपल्याच बोटांखाली असली तरी काम दोघांचे आहे, त्यामुळे खोलीत चार-पाच भुते फिरत असताना कोणाला आधी धरायचे आणि सोबती कुठे उभा आहे, याचा विचार सतत करावा लागतो.

घोस्टबस्टर्सचे सारे वेगळेपण याच कृतीत आहे. चित्रपटात ते भुतांना ठार मारत नाहीत, पकडून कोंडून ठेवतात. किरणाने धरायचे आणि खाली सापळा सरकवायचा, हा त्यांचा धंदा. तो धंदा खेळणाऱ्याच्या बोटांपर्यंत पोहोचवणारा या दोघांतला गेम हॅलचा आहे, आणि म्हणूनच त्याला ‘तोच गेम, जरा बरी चित्रे’ म्हणून निकालात काढणारे लिखाण वाचवत नाही.

खरी पंचाईत मात्र पुढे आहे. उत्तर अमेरिकेत या चित्रपटाच्या गेमचे हक्क ॲक्टिव्हिजनकडे होते, म्हणून हॅलचा हा कन्सोलवरचा गेम तिथे आलाच नाही. तो जपान आणि युरोपपुरता राहिला. परंतु हॅलने याच रीतीचा एक गेम हातात धरायच्या गेम बॉयसाठीही बनवला होता, आणि तो उत्तर अमेरिकेत ॲक्टिव्हिजननेच विकला, तोही ‘न्यू’ हा शब्द न लावता, नुसत्या ‘घोस्टबस्टर्स २’ या नावाने. म्हणजे अमेरिकी दुकानात एकाच नावाचे आणि एकाच विक्रेत्याचे दोन खोके होते, पण गेम बॉयवरचा गेम हा कन्सोलवरच्या ‘घोस्टबस्टर्स २’ची छोटी प्रत नव्हता; त्याचे सख्खे भावंड समुद्रापलीकडचे ‘न्यू’ होते. नावावरून नाते जुळवणारा माणूस इथे हमखास फसतो. म्हणून खोक्यावरच्या नावापेक्षा घडवणारी कंपनी पाहावी.

घोस्टबस्टर्सवर एक टीव्ही कार्टूनही होते; त्याच्या नावातल्या ‘रिअल’चा ‘न्यू’शी संबंध जोडणारेही भेटतात; त्यांच्यासाठी थोडक्यात. कार्टूनला ‘द रिअल घोस्टबस्टर्स’ म्हणावे लागले, कारण फिल्मेशन या कंपनीची 1975 सालापासूनची ‘घोस्ट बस्टर्स’ नावाची वेगळी मालिका होती. त्या कार्टूनच्या नावाने गेम बॉयवर 1993 साली आलेला गेम तर मुळात भुतांचाही नाही. तो चक्रव्यूहातून वाट काढण्याचा गेम आहे, आणि तोच जपानमध्ये मिकी माउसच्या आणि युरोपात गारफिल्ड या कार्टून मांजराच्या नावाने विकला गेला. नुसते मुखवटे बदलण्याचा याहून निर्लज्ज नमुना मला दुसरा आठवत नाही, आणि हॅलच्या कामाशेजारी त्याला बसवणे मला मुळीच मान्य नाही.

एखाद्या चित्रफितीत यातला नेमका कोणता गेम चालू आहे अशी शंका आली, तर शीर्षक वाचत बसू नये. पडद्यावर दोन माणसे एकामागून एक चालताना दिसली आणि मागचा सापळा टाकत असला, तर तो गेम हॅलचा.