फॉरमॅट मारण्याआधी फोनला विचारा

ई-पीक पाहणीसाठी बांधावर उभं राहावं, कॅमेरा उघडावा आणि नेमका तेव्हाच फोन अडकावा. मग तालुक्याच्या दुकानात एकच इलाज ऐकायला मिळतो: फॉरमॅट. त्यात फोटो जातात, बँकेची ॲप पुन्हा टाकावी लागतात आणि मूळ कारण तसंच राहिलं असेल तर फोन पुन्हा अडकू लागतो. खरं म्हणजे अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स कर्नल, म्हणजे सगळा फोन सांभाळणारा गाभा, आहे आणि स्वतःच्या तब्येतीचे आकडे तो सांगायला तयार असतो. ताप किती, जागा किती, मेमरी किती, हे तीन आकडे आधी बघा. फॉरमॅटचं नाव त्यानंतर काढा.

त्यासाठी लिनक्सचा कुठलाही लॅपटॉप चालतो. उबंटू या लिनक्सवर टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडून ‘सुडो एपीटी इन्स्टॉल एडीबी’ ही कमांड दिली की लॅपटॉपवरून फोनशी बोलायचं साधन, एडीबी, बसतं. कमांड रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. इथं त्या उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत आणि स्पेलिंग अडेल तिथं अक्षरं फोडून दिली आहेत. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’मधल्या बिल्ड नंबरवर सलग ७ वेळा बोट दाबलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथं यूएसबी डीबगिंग सुरू करा, केबल जोडा आणि लॅपटॉपवर ‘एडीबी डिव्हायसेस’ टाइप करा.

बहुतेक जण इथंच अडतात. यादी रिकामी आली तर आधी केबल बदला. बाजारातल्या कित्येक स्वस्त केबलींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. फोनच्या नंबरापुढे ‘अनऑथोराइज्ड’ दिसलं तर फोनचं लॉक उघडा. पडद्यावर परवानगीची चौकट थांबलेली असते. ‘नो परमिशन्स’ आलं तर अडचण लॅपटॉपकडं आहे. उबंटूत ‘अँड्रॉइड-एसडीके-प्लॅटफॉर्म-टूल्स-कॉमन’ हे पॅकेज टाकून केबल काढून परत लावा. सगळं जुळलं की ‘एडीबी शेल’ म्हणा. आता तुम्ही फोनच्या आत आहात.

पहिला आकडा तापाचा. ‘डम्पसिस बॅटरी’ टाइप करा. डम्पसिसची अक्षरं डी-यू-एम-पी-एस-वाय-एस. ‘टेम्परेचर’पुढे ४३१ असं दिसलं तर दचकू नका, हा आकडा अंशाच्या दहाव्या भागात असतो, म्हणजे ४३.१ अंश सेल्सिअस. लिथियम-आयन बॅटरी चार्ज करायची साधारण मर्यादा ४५ अंश. मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा ४२ च्या घरात असताना पत्र्याखाली चार्जिंगला लावलेला फोन या रेषेला टेकायला वेळ लागत नाही. मग फोन चार्जिंग कमी करतो, प्रोसेसरचा वेगही उतरवतो, आणि आपण म्हणतो व्हायरस आला. अँड्रॉइड १० पासून पुढच्या फोनवर ‘डम्पसिस थर्मलसर्व्हिस’ विचारलं की ‘थर्मल स्टेटस’ ० ते ६ मध्ये मिळतो. ० म्हणजे सगळं ठीक, ३ म्हणजे गंभीर, ६ म्हणजे बंद पडायची वेळ. कव्हर काढा, हॉटस्पॉट बंद करा, सावलीत ठेवा. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं.

‘डम्पसिस बॅटरी’च्याच यादीत बॅटरीचं वयही लपलेलं असतं. ‘चार्ज काउंटर’चा आकडा मायक्रो-अँपिअर-तासांत असतो, १००० नं भागला की ओळखीचे एमएएच मिळतात. समजा ५००० एमएएचच्या बॅटरीत लेव्हल १०० असताना काउंटर ३९००००० दाखवतो. म्हणजे ३९०० एमएएच, मूळ क्षमतेच्या ७८ टक्के. काही फोनवर इथं ० येतं किंवा आकडा उगीच अडकून राहतो. तिथं ‘व्होल्टेज’ बघा. तो मिलिव्होल्टमध्ये असतो. ३८०० वर असलेला आकडा कॅमेरा सुरू करताच ३४०० कडं घसरत असेल, तर बॅटरी थकली आहे. ४० टक्क्यांवर फोन अचानक मान टाकतो तो यामुळंच, आणि त्याला फॉरमॅटचा काडीचाही उपयोग नाही. दुसरी बॅटरी बसवणं हाच इलाज.

दुसरा आकडा जागेचा. ‘डीएफ’, मग जागा सोडून हायफन आणि एच. यादीत काही ओळी १०० टक्के भरलेल्या दिसतील. त्या सिस्टीमच्या असतात, फक्त वाचण्यापुरत्या, आणि कंपनीनंच त्या काठोकाठ भरून दिलेल्या असतात. बघायची ती ‘डेटा’ची ओळ. ती ९५ टक्क्यांपुढं गेली तर फोनचं अडकणं समजण्यासारखं आहे. फ्लॅश मेमरीत छोट्या पानावर लिहिता येतं, पण पुसायचं झालं की अख्खा मोठा ठोकळाच पुसावा लागतो. रिकामे ठोकळे संपत आले की एक फोटो ठेवायलाही आधी इकडचा माल तिकडं हलवावा लागतो, गच्च भरलेल्या कणगीत नवं पोतं रिचवण्यासारखं. जागा कुणी खाल्ली हे ‘डीयू हायफन एसएच’पुढं एसडीकार्डमधल्या एकेका फोल्डरचा पत्ता देऊन शोधता येतं. व्हॉट्सॲपचा ढीग नव्या फोनवर ‘अँड्रॉइड’ फोल्डरातल्या ‘मीडिया’त सापडतो.

तिसरा आकडा मेमरीचा, आणि सगळ्यात जास्त गैरसमज याच्याबद्दल आहेत. ‘फ्री हायफन एच’ दिलं की ४ जीबीच्या फोनवरही ‘फ्री’खाली दीडशे एमबी वगैरे दिसतं. हे चांगलं लक्षण आहे. रिकामी रॅम लिनक्सच्या लेखी वाया गेलेली. तो तिच्यात नुकत्याच वाचलेल्या फाइली धरून ठेवतो आणि गरज पडली की लगेच सोडतो. म्हणून ‘प्रॉक’ फोल्डरातली ‘मेमइन्फो’ फाइल ‘कॅट’नं उघडून ‘मेमअव्हेलेबल’ची ओळ वाचा, खरी शिल्लक तिथं आहे. ‘रॅम क्लीनर’ ॲप मेमरीत थांबलेली बाकीची ॲप मारून टाकतात, फोन ती परत उघडतो आणि बॅटरी त्या खटाटोपात जाते. असली ॲप काढून टाका.

एखादं ॲप प्रोसेसर खातंय का हे ‘टॉप हायफन एम १०’ नं दिसतं. वर ‘८०० टक्के सीपीयू’ लिहिलेलं असेल तर घाबरायचं कारण नाही, प्रोसेसरचे ८ कोअर गुणिले १०० एवढाच त्याचा अर्थ. ‘आयडल’चा आकडा जितका मोठा तितका फोन निवांत. बाहेर पडायला क्यू दाबा.

लॅपटॉप नसेल तर फोनवरच टर्मक्स हे टर्मिनलचं ॲप टाकून फ्री आणि डीएफ चालवता येतात. टॉप मात्र तिथं फक्त टर्मक्सचीच कामं दाखवतो, कारण अँड्रॉइड ७ पासून एका ॲपला दुसऱ्याच्या प्रक्रिया दिसत नाहीत.

फोनला दिलेल्या वरच्या सगळ्या कमांड फक्त वाचतात, काही बदलत नाहीत. डम्पसिस बॅटरीपुढं ‘सेट’ किंवा ‘अनप्लग’ लावलं तर फोन खोटे आकडे दाखवू लागतो. चुकून झालंच तर ‘डम्पसिस बॅटरी रिसेट’ द्या. काम झालं की ‘एक्झिट’ म्हणा, यूएसबी डीबगिंग बंद करा आणि मगच केबल काढा. ते चालू राहिलं तर नेहमीसाठी परवानगी दिलेला लॅपटॉप पुन्हा जोडला की न विचारता आत शिरू शकतो.