बसका केक आणि खोटं बोलणारा ओव्हन

पातेल्यात काही शिजत असेल तर चव घेता येते, मीठ वाढवता येतं, पाणी आटवता येतं. ओव्हनचं दार लागलं की सगळं संपलं. मनाविरुद्ध बेकिंग करणाऱ्याची चिडचिड होते ती यामुळेच. बिघाड कळतो शेवटी, आणि ‘माझ्या हातालाच गुण नाही’ असं म्हणून माणूस मोकळा होतो. हाताला उगाच दोष!

आधी कपाचं बघू. चाळलेला मैदा अलगद भरला तर एका कपात साधारण १२० ग्रॅम बसतो. तोच कप डब्यात खुपसून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. पाव हिस्सा मैदा जास्त पडला, तर केक कोरडा होणारच. वजनकाटा वापरला की हा प्रश्न मिटतो.

केक मध्येच खचतो त्याचं कारण जरा मजेशीर आहे. बेकिंग पावडरमधून कार्बन डायऑक्साइड सुटतो, मिश्रणातले बुडबुडे फुगतात, उष्णतेने आणि वाफेने आणखी ताणले जातात. पण त्यांच्या भिंती अजून ओल्याच असतात. अंड्यातली प्रथिनं गोठली आणि मैद्यातला स्टार्च पाणी शोषून फुगला, की मगच त्या भिंती उभ्या राहतात. साखर हे घट्ट होणं लांबवते, म्हणून ती मनाने कमी-जास्त केली की केवळ गोडी बदलत नाही, केकची बांधणीही बदलते. भिंती ओल्या असताना उत्सुकतेने दार उघडलं, तर ओव्हन थंडावतो, बुडबुडे आकसतात आणि मधोमध खड्डा पडतो. बेकिंग पावडर जास्त घातली तरी तेच: बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, वर येऊन फुटतात. आणि मैदा घातल्यावर फेटत बसू नये. ग्लुटेन, म्हणजे मैद्यातलं चिवट प्रथिनांचं जाळं, वाढतं; ते पावाला हवं, केकला नको.

एवढं सांभाळूनही केक फसला, तर मला संशय ओव्हनचाच येतो. बटणावर १८० अंश लिहिलेले असतात, पण आतली कॉइल चालू-बंद होत राहते, तापमान वरखाली होतं आणि घरगुती ओव्हनमध्ये दहा-वीस अंशांची तफावत सहज निघते. थर्मामीटर नसेल तर साखर वापरा. ती १८६ अंशांच्या आसपास वितळते. ओव्हन १७५ वर नीट तापवून चमचाभर साखर फॉइलवर पंधरा मिनिटं ठेवा. वितळली तर ओव्हन जास्त तापतोय. नवी साखर घेऊन १९० वर तेच करा. वितळली नाही, तर कमी तापतोय. बटण तेवढं मागे-पुढे करायचं.