जर्मनीत बेरोजगारी भत्ता सुरू असताना अर्धवेळ काम घ्यावे का? पात्रता, कागदपत्रे आणि हिशेब

जर्मनीत नोकरी करणाऱ्या मराठी माणसाच्या पगारपत्रकात दरमहा बेकारी विम्याची एक कपात दिसते. वेतनाच्या 2.6 टक्के असलेली ही वर्गणी कर्मचारी आणि कंपनी निम्मी-निम्मी भरतात, आणि नोकरी शाबूत असेपर्यंत त्या ओळीकडे कोणी फारसे पाहत नाही. नोकरी गेल्यावर याच वर्गणीतून 'आर्बाइट्सलोझेनगेल्ड' म्हणजे बेरोजगारी भत्ता मिळतो. भत्ता सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच बहुतेकांना प्रश्न पडतो, की घरी बसण्यापेक्षा गोदामात, कॅफेत किंवा एखाद्या ओळखीच्या कंपनीत थोडे तास काम धरावे का. कायद्याने असे काम करता येते. मात्र त्यातून हातात किती उरते आणि कोणत्या चुकीने सगळाच भत्ता जातो, हे आधी समजून घेतले पाहिजे.

हा भत्ता स्वतः भरलेल्या वर्गणीवर मिळणारा हक्क आहे. उत्पन्न आणि बचत पाहून गरजूंना दिली जाणारी सरकारी मदत ही वेगळी योजना आहे, तिचे कमाईविषयीचे नियमही वेगळे आहेत आणि या लेखातील आकडे तिला लागू होत नाहीत. ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांना नोकरीसाठी मिळणारा वास्तव्य परवाना) असणाऱ्यांच्या मनात एक भीती नेहमी असते, की भत्ता घेतल्याने पुढे कायम वास्तव्याच्या अर्जावर डाग लागेल. वर्गणीवर आधारलेले लाभ वास्तव्याच्या कायद्यात 'सरकारी पैशांवर जगणे' या व्याख्येत मोजले जात नाहीत, त्यामुळे तेवढ्या कारणासाठी हक्काचा भत्ता सोडू नये.

पात्रता आणि दोन वेगवेगळ्या नोंदण्या

नाव नोंदवण्यापूर्वीच्या 30 महिन्यांत किमान 12 महिने विमा लागू असलेली नोकरी झालेली असावी. भत्ता किती महिने मिळणार, हे वर्गणीच्या काळावर ठरते. 12 महिन्यांच्या वर्गणीवर 6 महिने, 16 वर 8, 20 वर 10 आणि 24 महिन्यांच्या वर्गणीवर 12 महिने भत्ता मिळतो. वयाच्या पन्नाशीनंतर ही मुदत टप्प्याटप्प्याने वाढत जाऊन 58 वर्षांनंतर जास्तीत जास्त 24 महिने होते. रक्कम ठरवताना साधारण शेवटच्या वर्षाचे एकूण वेतन घेतात, त्यातून ठोक 20 टक्के सामाजिक विम्यापोटी आणि प्राप्तिकर वजा करतात, आणि उरलेल्याचे 60 टक्के, किंवा मूल असल्यास 67 टक्के, भत्ता म्हणून देतात. महिना नेहमी 30 दिवसांचा धरला जातो.

नोंदण्या दोन आहेत आणि आपल्या लोकांची पहिली गफलत इथेच होते. पहिली नोंदणी काम शोधणारा म्हणून करायची. नोकरी संपण्याच्या किमान तीन महिने आधी ती करावी लागते, आणि नोटीस त्याहून उशिरा हाती आली तर कळल्यापासून तीन दिवसांत. उशीर झाल्यास एका आठवड्याचा भत्ता रोखला जातो. दुसरी नोंदणी बेरोजगार म्हणून, नोकरी नसल्याच्या पहिल्या दिवसापर्यंत करायची. ती रोजगार कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन करता येते, किंवा वास्तव्य परवान्याच्या इलेक्ट्रॉनिक कार्डावरची ऑनलाइन ओळख चालू केलेली असेल तर घरबसल्याही करता येते. पहिली नोंदणी केली म्हणजे दुसरी आपोआप झाली, असे होत नाही. स्वतः राजीनामा दिला असेल किंवा कंपनीने पुढे केलेल्या परस्परसंमतीच्या करारावर सबळ कारणाशिवाय सही केली असेल, तर साधारणपणे 12 आठवडे भत्ता मिळत नाही आणि एकूण मुदतही किमान एक चतुर्थांशाने घटते. अशा करारावर सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवण्यासाठी होणारा खर्च बहुधा वसूल होतो.

अर्जासोबत पासपोर्ट आणि वास्तव्य परवाना, पत्त्याच्या नोंदणीचा दाखला, कर क्रमांक, सामाजिक विमा क्रमांक, बँक खात्याचा आयबॅन, नोकरीचा करार, नोटिशीचे पत्र आणि अद्ययावत बायोडेटा लागतो. मागील वेतनाचा दाखला 2023 पासून कंपनी थेट रोजगार कार्यालयाला इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवते, तरी तो पाठवला गेला की नाही याची कंपनीच्या एचआर विभागाकडे चौकशी करावी, कारण भत्ता सुरू होण्यात उशीर होण्याचे ते नेहमीचे कारण असते. याखेरीज नोकरीशी जोडलेला वास्तव्य परवाना असणाऱ्यांनी नोकरी मुदतीआधी संपत असल्याचे कळल्यापासून दोन आठवड्यांत परदेशी नागरिक कार्यालयालाही लेखी कळवावे लागते. रोजगार कार्यालयाला कळवले म्हणून हे दुसरे कार्यालय समजून घेत नाही.

पंधरा तास आणि 165 युरो

भत्ता चालू असताना काम करण्यावर दोन वेगळ्या मर्यादा आहेत, एक तासांची आणि दुसरी पैशांची, आणि त्या एकमेकींत मिसळल्या की हिशेब बिघडतो.

तासांची मर्यादा अशी, की आठवड्याचे काम 15 तासांपेक्षा कमी असले पाहिजे. बरोबर 15 तासही चालत नाहीत. दोन-तीन ठिकाणी काम असेल तर सगळ्यांची बेरीज होते, त्यात स्वतःचा व्यवसायही आला आणि घरच्यांच्या व्यवसायाला केलेली मदतही आली. पुण्यातील भावाच्या कंपनीचे काम रात्री लॅपटॉपवर करून द्यायचे आणि ते 'जर्मनीतले काम नाही' म्हणून सोडून द्यायचे, हा युक्तिवाद इथे टिकत नाही. एखाद्या आठवड्यात क्वचित थोडा वेळ जास्त झाला तर कायदा डोळेझाक करतो, परंतु करारातच 15 तास लिहिलेले असतील किंवा वाढीव तास नेहमीचेच झाले असतील, तर कायद्याच्या दृष्टीने ती व्यक्ती बेरोजगार राहत नाही आणि भत्ता काही अंशी कमी न होता पूर्ण बंद होतो.

पैशांची मर्यादा महिन्याला 165 युरोंची आहे. हातात येणाऱ्या निव्वळ कमाईतील, म्हणजे कर, विमा आणि कामासाठी झालेला प्रवासासारखा खर्च वजा केल्यावर उरणाऱ्या रकमेतील, पहिले 165 युरो सोडले जातात. त्यावरचा प्रत्येक युरो भत्त्यातून तसाच्या तसा वजा होतो. कुणाला 1,900 युरो भत्ता मिळतो आणि त्याने 2026 च्या मर्यादेएवढा, म्हणजे 603 युरोंचा मिनीजॉब (मासिक कमाईची कायदेशीर मर्यादा असलेले छोटे काम) धरला, असे समजू. निवृत्तिवेतनाच्या वर्गणीतून सूट घेतली आणि कोणताही खर्च दाखवला नाही, तर 603 मधून 165 सोडून 438 युरो भत्त्यातून कापले जातील. भत्ता 1,462 युरो होईल, त्यात 603 मिळवले की एकूण 2,065. किमान वेतन ताशी 13.90 युरो असल्याने 603 युरोंसाठी महिन्याला 43 तासांहून अधिक राबावे लागते, आणि त्या श्रमाचे प्रत्यक्षात वाढलेले उत्पन्न 165 युरोच राहते. हिशेब तासाला पावणेचार युरोंच्या आसपास जातो. त्याऐवजी महिन्याला अकरा तास काम केले तर जवळपास 153 युरो मिळतात आणि ते पूर्ण आपले. 2015 मध्ये किमान वेतन साडेआठ युरोंनी सुरू झाले तेव्हा या सवलतीत महिन्याचे एकोणीस तास बसत होते. वेतन वाढत गेले, सवलतीची रक्कम तिथेच राहिली.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. बेरोजगार होण्यापूर्वीच्या 18 महिन्यांत, मुख्य नोकरीच्या जोडीने, किमान 12 महिने असे छोटे काम चालू असेल, तर त्या जुन्या कामाच्या शेवटच्या 12 महिन्यांतील सरासरी मासिक कमाईएवढी रक्कम सोडली जाते. म्हणून पूर्वीपासूनचे शनिवारचे काम घाईने सोडू नये.

स्वतःच्या कामाचा हिशेब थोडा निराळा आहे. ऑनलाइन शिकवणी, भाषांतर किंवा घरगुती डबे पुरवणे अशा कामात एकूण जमेतून 30 टक्के ठोक खर्च धरला जातो, आणि खर्च प्रत्यक्षात त्याहून अधिक असल्याचे पुरावे दिले तर तो अधिक खर्च धरतात. 300 युरो जमा झाल्यास 90 युरो खर्चाचे, उरलेल्या 210 मधून 165 सोडले की कर विचारात न घेता 45 युरो कापले जातात. मात्र शिकवणीच्या तयारीचा वेळ 15 तासांच्या मोजणीत येतो. नोकरीसाठी दिलेल्या परवान्यावर स्वतंत्र व्यवसायाची परवानगी वेगळी घ्यावी लागते, त्यामुळे कार्डासोबतच्या कागदावर काय लिहिले आहे ते आधी वाचावे. कायम वास्तव्याचा परवाना असणाऱ्यांना ही अडचण नाही.

काम सुरू होण्यापूर्वी कळवणे

काम लहान असो वा मोठे, ते सुरू करण्याच्या आधी रोजगार कार्यालयाला कळवावे लागते. त्यासाठी आपले निवेदन, कामाच्या तासांचा उल्लेख असलेला करार आणि मालकाने द्यायचा जोडकमाईचा दाखला लागतो. दर महिन्याची कमाई बदलती असेल तर दाखलाही दर महिन्याला द्यावा लागतो. ही सगळी कामे ऑनलाइन खात्यातून होतात आणि पाठवल्याची पोच जपून ठेवावी.

न कळवण्याचे परिणाम लोक समजतात त्यापेक्षा पुष्कळ मोठे आहेत. बेरोजगारीत सहा आठवड्यांपेक्षा जास्त खंड पडला, किंवा 15 तासांची मर्यादा ओलांडणारे काम विनाविलंब न कळवता सुरू केले, तर बेरोजगार म्हणून केलेली मूळ नोंदणीच निष्प्रभ होते. मग ते काम दोन आठवड्यांत संपले असले, तरी पुन्हा नोंदणी करेपर्यंतच्या सर्व महिन्यांचा भत्ता परत मागितला जातो, आणि दंड वेगळा. मालकाने दिलेली विम्याची माहिती आणि रोजगार कार्यालयाच्या नोंदी यांची संगणकावर पडताळणी होते, त्यामुळे 'कळणार कसे' या भरवशावर राहू नये.

मग काम घ्यावे का

फक्त पैशांसाठी असेल, तर महिन्याला 165 युरोंच्या पुढे जाण्यात काही अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. कापला गेलेला भत्ता पुढे ढकलला जात नाही. कमी रक्कम मिळालेला दिवसही मुदतीतील एक पूर्ण दिवस म्हणून खर्ची पडतो. शिवाय भत्ता चालू असताना केलेल्या अशा छोट्या कामावर बेकारी विम्याची वर्गणी लागत नाही, म्हणून त्यातून नवा हक्कही तयार होत नाही. जर्मन बोलण्याचा सराव, एखाद्या कंपनीत शिरकाव किंवा बायोडेटातील पोकळी भरणे, अशा कारणांसाठी हे काम जरूर घ्यावे, पण ते कशासाठी घेतो हे स्वतःशी स्पष्ट असावे.

आठवड्याला वीस तासांची, विमा लागू असलेली नोकरी मिळत असेल तर गणित पूर्ण बदलते. वरच्या उदाहरणातील व्यक्तीने त्या नोकरीचा निव्वळ पगार 2,065 युरोंशी ताडून पाहावा. पगार थोडा कमी भरला तरी नकार देण्याची घाई करू नये, कारण भत्ता थांबल्याने उरलेले दिवस शिल्लक राहतात आणि हक्क निर्माण झाल्यापासून चार वर्षांपर्यंत ते वापरता येतात. पुन्हा 12 महिने वर्गणी भरली की नवा हक्क तयार होतो. अर्ध्या पगारामुळे पुढचा भत्ताही अर्धा होईल ही भीतीही बरीचशी अनाठायी आहे, कारण नवा हक्क निर्माण होण्याआधीच्या दोन वर्षांत जुना भत्ता घेतलेला असेल, तर आकारणी किमान जुन्या वेतनावर होते.

इथे मात्र एक अट आहे आणि ती रोजगार कार्यालयातील पहिल्याच मुलाखतीत अंगाशी येते. आकारणी जुन्या पूर्णवेळ पगारावर झाली, तरी आपण किती तासांच्या कामासाठी उपलब्ध आहोत असे सांगितले, त्या प्रमाणात भत्ता ठरतो. मूल लहान आहे म्हणून 'सध्या वीसच तासांचे काम हवे' असे चाळीस तासांची नोकरी केलेल्या व्यक्तीने नोंदवले, तर भत्ता सुमारे निम्मा होतो. खरोखर तेवढेच जमत असेल तर खरे तेच लिहावे, पण पाळणाघराची सोय असताना केवळ संकोचाने कमी तास सांगू नयेत.

वीस तासांची नोकरी धरल्यावर ती सबळ कारणाशिवाय स्वतःहून सोडली, तर पुन्हा 12 आठवडे भत्ता रोखला जाऊ शकतो. म्हणून 'जमेल का पाहू, नाही तर भत्ता आहेच' या विचाराने अशी नोकरी धरू नये. विमा लागू असलेल्या दोन नोकऱ्या शेजारी-शेजारी चालू असताना त्यांपैकी एकच गेली असेल, तर अंशतः बेरोजगारीचा सहा महिन्यांचा वेगळा भत्ता आहे, त्याची चौकशी करावी.

भत्त्यावर कर लागत नाही, परंतु त्या वर्षीच्या इतर उत्पन्नाचा कराचा दर ठरवताना तो मोजला जातो. भत्ता वर्षाला 410 युरोंच्या वर गेला की विवरणपत्र भरणे बंधनकारक असते. वर्षातील काही महिने पगार आणि काही महिने भत्ता असेल, तर पुढच्या वर्षी कर भरण्याची मागणी येऊ शकते, तेवढी रक्कम आधीच बाजूला काढून ठेवावी.