तोफेचा प्रतिक्षेप : युद्धविषयक स्ट्रॅटेजी गेममधील

गोळा सुटताच तोफेला बसणारा मागचा धक्का म्हणजे प्रतिक्षेप. गोळ्याच्या व त्यामागून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या संवेगाइतकाच (वस्तुमान × वेग) संवेग तोफेला उलट दिशेने मिळतो. उदा., 7 किग्रॅ. वजनाचा गोळा 500 मी./से. वेगाने सुटला आणि मागे सरकणारी नळी 450 किग्रॅ.ची असली, तर वायूंचा वाटा सोडूनही नळीला सु. 8 मी./से. वेग येतो. तो 1.2 मी. अंतरात जिरवला, तर गाड्यावर (नळी ज्यावर बसवलेली असते त्या चौकटीवर) सरासरी 11 ते 12 हजार न्यूटन बल येते. नळी पक्क्या रोवलेल्या गाड्याला जखडलेली असती, तर गोळा नळीत असतानाच्या सेकंदाच्या सु. शंभराव्या भागात हेच बल तीसपट झाले असते.

नळी गाड्यावर मागे सरकून आपोआप पूर्वस्थितीत येण्याच्या रचनेचे श्रेय वादग्रस्त आहे. रशियन अभियंता बारानोव्स्की याने 1870 च्या दशकात द्रवरोधक (द्रवाच्या विरोधाने धक्का जिरवणारे साधन) व स्प्रिंग वापरलेली तोफ बनवली. 1879 मध्ये चाचणीतील अपघातात तो मरण पावला. जर्मन अभियंता हाउस्नर याने 1891 च्या सुमारास दीर्घ प्रतिक्षेपाचे (नळी गाड्यावर लांबवर मागे सरकू देण्याच्या रचनेचे) पेटंट घेतले. त्याची वार्ता कळल्यावर फ्रेंच प्रयत्नांना चालना मिळाली, असे बरेच लेखक मानतात. तथापि तेल व दाबित हवा झिरपू न देणारी, रणांगणावर टिकणारी यंत्रणा देपोर, सेंत-क्लेर देव्हील व रिमाइलो या फ्रेंच तोफखाना अधिकाऱ्यांच्या कामातून फ्रान्समध्येच सिद्ध झाली आणि 1897 ची 75 मिमी. तोफ तिचे पहिले यशस्वी रूप ठरली. कल्पनेपेक्षा सिद्धी महत्त्वाची मानल्यास फ्रान्सला श्रेय देणारे मत अधिक ग्राह्य वाटते.

हा वाद गेमच्या दृष्टीने निरर्थक नाही. नेपोलियनकालीन किंवा 1870–71 च्या फ्रान्स–प्रशिया युद्धावरील गेममध्ये नुसती नळी आत-बाहेर होणे हा कालविपर्यास होय. तेथे अख्खा गाडा मागे जायला हवा, तोफचींनी तो पुन्हा पुढे ढकलायला हवा आणि नेमही नव्याने धरायला हवा. नव्या तोफेने मुख्यतः वाचवला तो हा वेळ. 75 मिमी. तोफ मिनिटाला सु. 15 गोळे डागू शके, ते बरेचसे यामुळे.

गेममध्ये प्रतिक्षेप बहुधा दृश्यापुरता असतो. 1997 च्या टोटल ॲनिहिलेशन या स्ट्रॅटेजी गेममध्ये गोळ्यांचे मार्ग खरोखर गणले जात. नळीची मागे-पुढे हालचाल मात्र युनिटच्या (गेममधील रणगाडा, तोफ इ. प्रत्येक घटकाच्या) स्क्रिप्टमध्ये लिहिलेली असे आणि डागताना युनिट कलवण्यासाठी ‘रॉकयुनिट’ नावाचे वेगळे फंक्शन होते. कारण तांत्रिक आहे. सेकंदाला 30 टप्प्यांनी चालणाऱ्या गणनेत गोळा नळीतून निघण्याची क्रिया एका टप्प्यातच संपते. त्यामुळे बलाचा आलेख न काढता आवेग (संवेगातील एकूण बदल) एकदम देऊन पुढे अवमंदित स्प्रिंगचे (आंदोलने हळूहळू शमणाऱ्या स्प्रिंगचे) समीकरण वापरणे सोयीचे पडते. शिवाय अनेक खेळाडूंच्या गेममध्ये प्रत्येक संगणकावर तेच उत्तर यावे लागते. दशांशातील किंचित फरकानेही डाव विस्कटू शकतो, म्हणून असे भौतिकी निकालापासून अलग ठेवतात.

काही परीक्षक नळीच्या डौलदार हालचालीलाच वास्तवता समजतात. डागण्याचा वेग, गाड्याच्या शेपटीचा फाळ जमिनीत रुतेपर्यंत ढळणारा नेम आणि जागा बदलायला लागणारा वेळ यांवर प्रतिक्षेपाचा परिणाम दिसतो की नाही, ही कसोटी जास्त योग्य आहे. हॉवित्झरच्या (उंच कमानीत गोळा फेकणाऱ्या तोफेच्या) बाबतीत आणखी एक खूण तपासता येते. नळी फार उंच रोखल्यास तिचा मागचा भाग जमिनीला लागू नये म्हणून कित्येक तोफांत प्रतिक्षेपाची लांबी आपोआप कमी होते. ॲनिमेशनमध्ये ती सहसा एकच असते.

युद्धनौकांबाबत उलट अतिशयोक्ती आढळते. अमेरिकेच्या आयोवा वर्गातील युद्धनौकेच्या नऊ 16 इंची तोफा एकदम डागल्यावर जहाज बाजूला फेकले जाते, हा समज चुकीचा आहे. सु. 1,225 किग्रॅ.चे गोळे, 762 मी./से. वेग आणि 50 हजार टनांवरचे जहाज धरून, पाण्याचा रोध शून्य मानला तरी गोळ्यांमुळे जहाजाला मिळणारा वेग सेकंदाला 20 सेंमी.पेक्षा कमी भरतो. छायाचित्रांत जहाजालगत खवळलेले दिसणारे पाणी तोफांच्या तोंडाशी होणाऱ्या स्फोटदाबामुळे तसे दिसते.