शॉक ट्रीटमेंटची भीती आली कुठून? डिप्रेशन आणि ईसीटीची पार्श्वभूमी

पुण्यात एखाद्या घरात डॉक्टरांनी डिप्रेशनसाठी ईसीटीचं, म्हणजे डोक्याला विजेचा शॉक देऊन फिट आणायच्या ट्रीटमेंटचं, नाव काढलं की घरच्यांच्या डोळ्यासमोर सरळ येरवडाच येतं. "याला येरवड्याला न्यायला पाहिजे" हे आपण इतक्या सहज बोलत आलोय की तिथे आजारी माणसं राहतात हेच विसरायला होतं. शॉकची भीतीही त्यातलीच. पण ती भीती नुसती अडाणीपणातून आलेली नाहीये, तिला खरा इतिहास आहे, आणि तो माहीत नसला तर आजची ट्रीटमेंट घ्यायची की नाही हे नीट ठरवताच येत नाही.

सुरुवात विजेपासून झालीच नव्हती. १९३४ मध्ये बुडापेस्टला लाडिस्लास मेदुना नावाच्या डॉक्टरला वाटलं की फिट येणाऱ्यांना स्किझोफ्रेनिया होत नाही, म्हणजे मुद्दाम फिट आणली तर आजार हटेल. विचार चुकीचा निघाला, पण काही पेशंट खरंच सुधारले. त्याने आधी कापूर टोचला, मग मेट्राझोल नावाचं फिट आणणारं औषध, आणि मेट्राझोलमध्ये फिट येण्याआधीचे काही क्षण पेशंटला पूर्ण शुद्धीत आता आपण मरणार असं वाटायचं, लोक दुसऱ्या इंजेक्शनला अक्षरशः घाबरून पळायचे.

हे टाळायचं म्हणून वीज आली. रोममध्ये उगो चेरलेत्ती आणि लुचिओ बिनी यांचे कुत्र्यांवरचे सुरुवातीचे प्रयोग फसले होते, कारण करंट हृदयातून जायचा आणि कुत्री मरायची. मग कळलं की तिथल्या कत्तलखान्यात डुकरांच्या डोक्याला वीज लावतात तेव्हा ती मरत नाहीत, त्यांना फक्त फिट येते, म्हणजे दोन्ही कानशिलांना लावलं तर हृदय वाचतं. एप्रिल १९३८ मध्ये रोमच्या रेल्वे स्टेशनवर भरकटलेल्या अवस्थेत सापडलेल्या एका माणसावर पहिला प्रयोग झाला. काही सेशननंतर तो बरा होऊन घरी गेला, पुढे आजार परत आला असंही नोंदलंय. त्याची संमती कुणी घेतली नव्हती, आणि मला वाटतं पुढच्या सगळ्या रागाचं मूळ तिथेच आहे.

विजेने माणूस क्षणात बेशुद्ध व्हायचा, त्यामुळे ती मेट्राझोलपेक्षा बरीच म्हणायची. पण भूल नसायची, सगळं अंग आकडीत असं आवळायचं की मणक्याची हाडं मोडायची. १९४० मध्ये बेनेट या अमेरिकन डॉक्टरने स्नायू सैल करायला क्युरारे वापरलं, १९५० च्या दशकात त्याच कामाचं सक्सिनिलकोलीन आलं आणि त्याच्याबरोबर भूलही. म्हणजे हाडं मोडू नयेत याचा उपाय तेव्हाच सापडला होता.

आपल्याकडे मात्र भूल न देता दिलेले 'डायरेक्ट' शॉक त्यानंतरही कित्येक दशकं चालू राहिले. भूलतज्ज्ञ कमी, पेशंट भरपूर, खर्चाचं कारण. काही डॉक्टर कळवळून म्हणायचे की भूलतज्ज्ञ नाही म्हणून आत्महत्येच्या टोकावर असलेल्याला तसंच सोडायचं का, आणि हा प्रश्न खोटा नव्हता. २००१ मध्ये तमिळनाडूत एरवाडीला साखळदंडांनी बांधलेले २८ पेशंट आगीत जळून गेले, त्यानंतर सार्थक या संस्थेने सुप्रीम कोर्टात जी याचिका केली त्यात डायरेक्ट शॉकवर बंदीचीही मागणी होती. पुण्यातून बापू ट्रस्ट आणि भार्गवी दावर यांनी शॉकविरोधात वर्षानुवर्षं आवाज उठवला. शेवटी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी देण्यावर बंदी घातली, अल्पवयीन मुलांसाठी पालकांची संमती आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन बोर्डाची आधी परवानगी सक्तीची केली, आणि इमर्जन्सीच्या नावाखाली ईसीटी देता येणार नाही हेही लिहिलं. २०१८ मध्ये कायदा लागू झाला. सक्सिनिलकोलीनपासून इथपर्यंत यायला साठ-पासष्ट वर्षं लागली, मग लोकांच्या मनातली भीती एवढी चिवट का हे वेगळं सांगायला नको.

आज काय होतं? उपाशीपोटी भूल देतात, स्नायू सैल करतात, काही सेकंद करंट, मेंदूत साधारण मिनिटभराच्या आत संपणारी फिट, आणि अंग जवळजवळ हलत नाही. आठवड्याला दोन-तीन, एकूण साधारण ६ ते १२ सेशन. २००३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जुन्या ट्रायल्स एकत्र करून पाहिल्या तेव्हा खोट्या ईसीटीपेक्षा (म्हणजे सगळं तसंच करून करंट मात्र न देता) आणि औषधांपेक्षाही खऱ्या ईसीटीचा परिणाम जास्त दिसला. मृत्यूचा धोका लाख सेशनमागे २ च्या आसपास. खरं दुखणं स्मरणशक्तीचं आहे, आधीच्या काही महिन्यांच्या आठवणी पुसट होतात, काहींच्या परत येतच नाहीत, आणि हे पेशंट अनेक वर्षं सांगत होते तरी डॉक्टरांनी ते हलक्यात घेतलं, हे मला अजिबात पटत नाही. दुसरं म्हणजे पुढे औषध चालू ठेवलं नाही तर आजार पलटतो : २००१ च्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात ईसीटीने बरे झालेल्यांपैकी नंतर प्लासिबो म्हणजे औषध नसलेली खोटी गोळी मिळालेल्यातले ८४ टक्के सहा महिन्यांत परत आजारी पडले, नॉर्ट्रिप्टिलीन आणि लिथियम ही दोन्ही औषधं घेणाऱ्यांत ३९ टक्के.

आता आरटीएमएसचंही, म्हणजे डोक्यावर चुंबकीय लहरी देऊन केलेल्या ट्रीटमेंटचंही, नाव बरंच ऐकू येतं. त्याचं मूळ १९८५ मध्ये शेफील्डला अँथनी बार्करने बनवलेल्या मशीनमध्ये, अमेरिकेत डिप्रेशनसाठी मान्यता २००८ मध्ये. भूल नाही, फिट आणायची नसते, स्मरणशक्तीला धक्का नाही, डोकं दुखणं एवढाच नेहमीचा त्रास, फिट येण्याचा धोका फार थोडा. पण चार-सहा आठवडे जवळजवळ रोज जावं लागतं, आणि अगदी गंभीर डिप्रेशनमध्ये, जेव्हा माणूस जेवण-पाणी सोडतो किंवा स्वतःच्याच जिवावर उठतो, तेव्हा जोर ईसीटीचाच जास्त. डोक्याला बारीक करंट देणाऱ्या टीडीसीएसचं तर अजून पक्कं नाही, २०२३ मध्ये लॅन्सेटमध्येच आलेल्या जर्मनीतल्या ट्रायलमध्ये औषधाच्या जोडीला देऊनही खोट्या मशीनपेक्षा फरक दिसला नाही. त्यामुळे घरी वापरायचं असलं मशीन स्वतःच्या मनाने विकत घेण्याआधी सायकियाट्रिस्टशी बोला, आणि ईसीटी सुचवली असेल तर भूल कोण देणार, किती सेशन आणि नंतर औषध कुठलं हे सही करायच्या आधी विचारा, ते विचारायचा हक्क कायद्यानेच दिलाय.