पार्श्वभूमी : ०.२ चा आकडा आणि काळी माती

माळरानावर ऊस आला, शेतात इमारती उभ्या राहिल्या, की नदीतलं पाणी आणि त्यासोबतचे नत्र-स्फुरद किती बदलतात, याचा अंदाज आता संगणकी प्रतिमानांवर काढतात. त्यांचा पाया १९५० च्या दशकातल्या अमेरिकी शेतांत घातला गेला. भूवापर, मातीचा गट आणि ओल यांवरून कर्व्ह नंबर ठरवायचा (तो जितका मोठा, तितकं पाणी जास्त वाहतं), त्यावरून अपधाव, म्हणजे जमिनीवरून वाहून जाणारं पावसाचं पाणी, काढायचा. १९६५ मध्ये मातीच्या धुपीचं समीकरण आलं. पुढे १९९० च्या दशकात टेक्सासमध्ये घडलेल्या ‘स्वॅट’ या संगणकी प्रतिमानाने ही परंपरा एकत्र बांधली.

वादाची जागा मात्र पहिल्याच पायरीवर आहे. पाणी वाहू लागण्याआधी जो पाऊस पानांवर अडतो, खळग्यांत साचतो, मातीत मुरतो, तो जमिनीच्या धारणक्षमतेच्या ०.२ पट धरला गेला. मुळातली निरीक्षणं बरीच विखुरलेली होती, तरी आकडा सरसकट रूढ झाला. भारतात १९७२ च्या सरकारी पुस्तिकेने तो नाकारला: आधीच्या पाच दिवसांत पुरेसा पाऊस झालेल्या काळ्या मातीला ०.१, बाकी सगळीकडे ०.३. हे शहाणपणाचंच होतं. उन्हाळ्यात भेगाळलेली रेगूर पहिला पाऊस गिळते. एकदा फुगून भेगा मिटल्या की तीच जमीन पाणी लोटून देते.

फरक किरकोळ नाही. कर्व्ह नंबर ८० आणि पाऊस ४० मिमी असेल, तर ०.१ धरून अपधाव सुमारे ११.७ मिमी येतो, ०.३ धरून ५.२. नायट्रेट पाण्यात विरघळून जातं, स्फुरद बराचसा गाळाला चिकटून. म्हणजे अपधावातली चूक थेट नत्र-स्फुरदाच्या अंदाजात पोचते. स्वॅटच्या मूळ रचनेत मात्र ०.२ च आहे. तो तसाच ठेवून, नदीवरच्या नोंदींशी जुळेपर्यंत कर्व्ह नंबर हलवायचा, ही सोयीची जुळवाजुळव झाली.

पुण्याच्या वरच्या अंगाच्या मुळा-मुठा पाणलोटाचा १९८९ ते २००९ चा अभ्यास याच प्रतिमानाचा. शहरी क्षेत्र ५.१ टक्क्यांवरून १०.१ वर गेलं, लागवड ९.७ वरून १३.५ वर. वस्तीने पाणी वाढवलं, शेतीने बाष्पीभवन. संपूर्ण पाणलोटाच्या बेरजेत दोन्ही जवळपास फिटले. उपखोऱ्यांत पाहिलं तरच बदल दिसतो. पोषकद्रव्यांचा हिशेब शहराच्या खालच्या अंगाला आणखी बिकट होतो, कारण उजनी धरणाकडे शेतातल्या खताबरोबर पुण्याचं सांडपाणीही जातं.