अस्थिकर्करोग, कुत्र्या-मांजरांतील: औषधोपचार

कुत्र्यांच्या हाडात मूळ धरणाऱ्या कर्करोगांपैकी सुमारे ८५ टक्के ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाड घडवणाऱ्या पेशींचा कर्करोग, असतात. ग्रेट डेन, रॉटवायलर, सेंट बर्नार्ड अशा थोराड जातींत हा रोग जास्त आढळतो. गाठ बहुधा मनगटाच्या वर, खांद्याजवळ किंवा गुडघ्याच्या आसपास येते. लंगडणे मुरगळण्यावर किंवा वयावर ढकलले जाते आणि तिथेच वेळ जातो.

कुत्र्याच्या बाबतीत निव्वळ औषधांवर भागत नाही. पाय काढला की वेदनेचे मूळ जाते. पण निदान होते तेव्हाच सुमारे ९० टक्के कुत्र्यांत रोग, क्ष-किरणात दिसत नसला तरी, बहुधा फुप्फुसापर्यंत पोचलेला असतो. नुसता पाय काढलेली कुत्री साधारण चार-पाच महिने जगतात. जोडीला केमोथेरपी दिली तर दहा-बारा महिने. कायमची बरी होणारी थोडीच.

केमोथेरपीत सध्या भर कार्बोप्लॅटिन या औषधावर आहे. ते शिरेतून, दर तीन आठवड्यांनी, चार ते सहा वेळा देतात. मात्रा शरीराच्या पृष्ठभागावरून ठरते: दर चौरस मीटरला साधारण ३०० मिलिग्रॅम. प्रत्येक वेळी आधी रक्त तपासतात. पांढऱ्या पेशी घटलेल्या असल्या तर डोस पुढे ढकलतात. केमोथेरपीचेच दुसरे औषध डॉक्सोरुबिसिन हृदयाला बाधते, शिवाय शिरेबाहेर गळले तर तिथले मांस जळते. जुने सिस्प्लॅटिन मूत्रपिंडावर उठते, म्हणून सोबत तासन्‌तास सलाईन लावावे लागते. केस गळण्याची मालकांना वाटणारी धास्ती मात्र पूडलसारख्या जाती सोडल्यास बहुधा फोल ठरते.

मांजराची गोष्ट निराळी. त्याला सिस्प्लॅटिन कधीच देत नाहीत. फुप्फुसात पाणी भरून ते दगावते. सुदैवाने मांजरातला हा रोग सावकाश पसरतो. पाय काढल्यावर अनेक मांजरे केमोथेरपीशिवायच दोन वर्षांहून अधिक जगतात.

पाय काढणे शक्य नसेल तर वेदनाशमन हाच उपचार. कुत्र्याला मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेन, जोडीला गॅबापेंटिन. हाडाची झीज रोखायला पामिड्रोनेट किंवा झोलेड्रोनेटचे सलाईन. सोय असेल तिथे किरणोपचार. दुखणे दबले की कुत्रा धावू पाहतो आणि पोखरलेले हाड मोडते, म्हणून जिने आणि उड्या बंद ठेवाव्या लागतात. घरातल्या गोळ्या देऊ नयेत: डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो आणि पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराच्या जिवावर बेतू शकते.